पडद्यामागचा प्रीतम

प्रीतमने मला पहिल्यांदा यंत्र केलं ते मुरबे गावात.

शाळेचा वर्ग होता. बाया सतरंजीवर बसल्या होत्या. काहींच्या मांडीवर पोरं होती. प्रीतमने मला पुढे उभं केलं आणि सांगितलं, "ही दिशा. मराठी घेऊन बी.ए. झालीय. पण आत्ता हिला काहीच येत नाही. मासा म्हणजे काय, तेसुद्धा माहीत नाही. तुम्ही शिकवायचं."

मागून एक बाई म्हणाली, "मराठी शिकून तसं पन काय येतं?"

सगळ्या हसल्या. मीही हसले.

त्याने बायांना चित्रांचे पत्ते वाटले. एकेक पत्ता मला दाखवायचा आणि फक्त नाव सांगायचं. बाकी काही नाही. पापलेटाचे तीन पत्ते होते, तिन्हींत पापलेट निळ्या क्रेटमध्ये. बोंबलाचे तीन होते, तिन्हींत बोंबील काठीवर वाळत घातलेले. मग त्याने स्वतः सातवा पत्ता काढला. काठीवर टांगलेलं पापलेट.

"हे काय?"

खेळाचा नियम असा, की आधीच्या पत्त्यांवरूनच बोलायचं. मी काठी पाहिली. म्हणाले, "बोंबील."

बाया लोळायच्या बाकी राहिल्या. "बये, पापलेटाला बोंबील म्हनते. हिला बाजाराला धाडू नका."

प्रीतम हसू ओसरेपर्यंत थांबला. त्याला थांबता यायचं. मग म्हणाला, "तिची चूक नाही. तुम्ही जे दाखवलंत तेच ती शिकली. तुम्ही मासा दाखवत होता. ती काठी बघत होती. एआय म्हणतात ते असंच शिकतं."

मलाही तेव्हाच कळलं. मी तोवर चार लेख वाचले होते आणि मला काही समजलं नव्हतं.

प्रीतम असा होता. गावागावांत जायचा. कॉम्प्युटर न्यायचा नाही. पत्ते, दोरी, जाळ्याला तरंगता ठेवणारा थर्माकोलचा एक बोया आणि एक फोन. बोया एकीकडून दुसरीकडे फेकायचा, ज्याच्या हातात पडेल त्याने वाक्यातला पुढचा शब्द सांगायचा. "सकाळी उठून मी…" "चूल पेटवली." "चूल पेटवून…" "नवऱ्याला उठवलं." "नवरा उठून…" "परत झोपला." असं वाक्य वाढत जायचं. शेवटी तो सांगायचा, यंत्र पण असंच पुढचा शब्द जुळवतं. त्याला चूल माहीत नाही, नवरा माहीत नाही. जुळतं कसं, एवढंच माहीत आहे.

तो बोईसरजवळच्या, किनाऱ्यावरच्या नवापूरचा. घर मासेमारीचं. वडील, बळवंतकाका, डोलीवर जायचे. डोल म्हणजे नरसाळ्यासारखं मोठं जाळं. समुद्रात रोवलेल्या खांबांना ते बांधायचं, आणि पाण्याची ओढच मासे आत आणून टाकते. काका गेले तेव्हा प्रीतम डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होता. नंतर बोईसरच्या एका कंपनीत लागला. पंप, पाइप, तीन पाळ्या. दोन वर्षांनी सोडलं आणि पालघरच्या एका संस्थेत हे काम धरलं. स्टेशनमागे खोली घेतली. मी कॉलेजपासूनची मैत्रीण. बायांना समजेल अशा मराठीत पत्ते लिहायला त्याने मला घेतलं. बोईसरहून मी त्याला जाऊन मिळायचे.

बोलायचा कमी. लिहायचा त्याहून कमी. त्याचे मेसेज मला पाठ आहेत. "ये. घिवली. नऊ." "पत्ते संपले. छाप." माझी आजी गेली तेव्हा त्याने लिहिलं होतं, "कळलं. येतो." आणि आला होता.

एकदा मी विचारलं, हे सगळं कशासाठी करतोस. तो म्हणाला, "आपल्याकडच्या माणसाला फसवायला यापुढे माणूस लागणार नाही. निदान ओळखता तरी आलं पाहिजे."

ते वाक्य मी बऱ्याच जणांना ऐकवलं. अभिमानाने.

नारळी पौर्णिमेनंतर तो बदलला. खेळ तसेच घ्यायचा, पण परतताना रिक्षात गप्प. एके दिवशी बोईसरला चहा पिताना म्हणाला, "आईने बाबाची होडी विकली."

"कधी?"

"धर्मेश सांगत होता. स्टेशनवर भेटला." धर्मेश त्याच्या गावचा. "मला विचारलं पण नाही तिने."

होडीवर आता कोणी जात नव्हतं, हे मला माहीत होतं. पण विचारायला हवं होतं, असं मलाही वाटलं. तो दिवाळीला घरी गेला नाही. पालघरहून नवापूर किती लांब. एक गाडी, एक रिक्षा. तो सगळीकडे जायचा, डोंगरातल्या पाड्यांवर जायचा, आणि आपल्या गावाला जायचा नाही. मला सुलूकाकीचा राग आला. मी तिला ओळखत नव्हते. बोईसरच्या बाजारात लांबून पाहिलं होतं, एवढंच.

मग नवापुरातून उत्कर्षाचा फोन आला. ती तिथल्या बचतगटाची अध्यक्ष.

"सगळ्या गावांना शिकवता, आमी काय घोडं मारलं? पोरगा तर आमचाच हाय."

मी प्रीतमला सांगितलं. तो बराच वेळ पत्ते लावत बसला. मग म्हणाला, "अष्टमीला ठेव. भांग असतो."

भांग म्हणजे काय, ते त्यानेच सांगितलं. अष्टमीच्या आसपास समुद्राला ओढ नसते. पाणी चढतं-उतरतं, पण जेमतेम. डोलीत काही येत नाही. होड्या किनाऱ्यावर, बाया मोकळ्या. "आमच्यात लहान पोराला पण माहीत असतं," तो म्हणाला. "भांगाच्या दिवशी कोणी कोणाला, काय मिळालं, असं विचारत नाही. विचारलं तर चिडवल्यासारखं होतं."

अष्टमीला आईही मोकळी असणार, हे त्याला ठाऊकच होतं. मला वाटलं, त्याला तिला भेटायचंय. सरळ जाता येत नाही म्हणून असा जातोय. मला बरं वाटलं.

मच्छीमार सोसायटीचा हॉल भरला होता. सुलूकाकी शेवटी आली. उंच, काटक, तांबड्या लुगड्यातली. पोराकडे गेली नाही. माझ्याकडे आली.

"तू त्याच्या संगतीला असतेस ती?"

"हो."

"जेवतो का तो?"

"जेवतो, काकी."

"रोज लिवतो मला. न चुकता. पन जेवला का, ते लिवत नाय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "रागावलाय. तरी लिवतो."

मी प्रीतमकडे पाहिलं. तो दोरी बांधत होता. मला वाटलं, बघ, एवढा रागावला तरी आईला रोज लिहितो, आणि कोणाला बोलला नाही. मला तो त्या क्षणी फार मोठा वाटला.

शेवटचा खेळ पडद्याचा होता. दोन खांबांना साडी बांधायची. साडी उत्कर्षाची, नवीकोरी. "डाग पडला तर तुमच्या एआयकडून धुवून घेईन," असं बजावून तिने दिली होती. पडद्यामागे प्रीतम आणि मी. बायांनी प्रश्न विचारायचा. प्रीतम स्वतःचं उत्तर कागदावर लिहिणार. तोच प्रश्न फोनमधल्या यंत्राला देणार. मी दोन्ही उत्तरं एकाच आवाजात वाचणार, पहिला आणि दुसरा म्हणून. माणूस कुठला, ते बायांनी ओळखायचं.

दोन प्रश्न झाले. लोक चुकले, हसले. मग कोणीतरी म्हणालं, "सुलूला इचारू दे. तिचाच पोर आत हाय. ती वळखनार."

"वळखीन की," सुलूकाकीचा आवाज आला. "त्यात काय?"

"चुकलीस तर चहा तुझा."

"नाय चुकत." ती जरा थांबली. मग म्हणाली, "मला ताप हाय. काय करू?"

प्रीतमने कागदावर लिहिलं. फोनमध्ये प्रश्न टाकला. दोन्ही माझ्या हातात दिले. मी वाचलं.

"पहिला. पेज खा. झोप. बाजारात जाऊ नको."

"दुसरा. आई, स्वतःची काळजी घे. तू आमच्यासाठी आयुष्यभर कष्ट केलेस. आज विश्रांती घे, भरपूर पाणी पी. माझं मन तुझ्यापाशीच आहे."

मग सुलूकाकी म्हणाली, "दुसरा."

"विचार कर गं."

"काय इचार करायचा? दुसरा माझा प्रीतम. माझं मन तुझ्यापाशी हाय, हे रोज लिवतो तो. हे बघ." फोन काढल्याचा आवाज आला. कोणीतरी वाचलं, हळूहळू, अक्षर अक्षर लावत. "माझं मन तुझ्यापाशीच आहे." आणि पुन्हा, कालचं. आणि परवाचं.

मी हातातल्या फोनकडे पाहिलं. मग प्रीतमकडे. त्याने आज रोजचंच यंत्र उघडलं होतं. घाईत की सवयीने, मला कळलं नाही. त्याचा चेहरा मी पूर्वी असा पाहिला नव्हता.

"सांग ना दिशा," बाहेरून उत्कर्षा म्हणाली. "बरोबर का चूक?"

प्रीतम माझ्या कानाशी आला. "दुसरं माझं म्हण," तो म्हणाला.

मला ते नीट ऐकू आलं. तरी मी त्याच्याकडे बघत राहिले.

"दिशा. म्हण ना."

मी काही म्हणाले नाही. हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही. तेवढा वेळ सुलूकाकीला पुरला.

"पडदा काढा," सुलूकाकी म्हणाली.

उत्कर्षाने गाठ सोडली. साडी खाली आली. प्रीतमच्या हातात त्याचा कागद होता. माझ्या हातातून तो त्याने केव्हा घेतला, मला आठवत नाही. सुलूकाकी उठून आली. तिने तो कागद घेतला, डोळ्यांजवळ धरून वाचला. पेज खा. झोप. अक्षर त्याचं होतं. शाळेपासूनचं, तिरपं.

"कवापासना?" तिने विचारलं.

"आये, मी कामात असायचो. तुझे बोललेले मेसेज यायचे दिवसातून दहा वेळा. म्हणून यंत्राला लावून दिलं. तेच ऐकायचं, तेच लिहायचं. पहिलं पहिलं मी वाचायचो."

"मंग?"

"मंग नाय वाचलं."

"कवापासना, इचारलं मी."

"गेल्याच्या आधीच्या दिवाळीपासून."

बायांमध्ये कोणीतरी पोराला गप्प केलं. सुलूकाकी कागदाकडेच बघत होती. ती मनात मागे मागे जात असावी. मग तिने मान वर केली.

"म्हंजे होडीचं?"

"होडीचं काय?" प्रीतम म्हणाला. आणि मग, एवढ्या लोकांत, तो तिच्यावर चिडला. "होडी तर तू मला न विचारता विकलीस."

"इचारलं होतं रे," ती म्हणाली.

तिने फोन उत्कर्षाच्या हातात दिला. "पाऊस जोरात होता तवाचं काढ. आषाढातलं." उत्कर्षा बोटाने मागे मागे गेली. मग हॉलमध्ये सुलूकाकीचाच आवाज वाजला. मागे पत्र्यावर पावसाचा आवाज. "प्रीतम, बाबाची होडी किनाऱ्याला सडते रे. वापरायला मानूस नाय. घिवलीचा एक जन मागतो. देऊ का? तू नको म्हनलास तर नाय देनार. तुज्या बापाची हाय, तुजीच हाय ती. सांग."

खाली उत्तर होतं. उत्कर्षाने ते वाचलं. तिचा आवाज बारीक झाला होता. "आई, तू जो निर्णय घेशील तो विचार करूनच घेशील. मी कायम तुझ्या पाठीशी आहे. माझं मन तुझ्यापाशीच आहे."

"पाठीशी हाय म्हनालास," सुलूकाकी म्हणाली. "मी दुसऱ्या दिवशी देऊन टाकली."

प्रीतम खाली बसला. सतरंजीवर नाही, लादीवर.

"आनी मंग तू रागावलास म्हनून कळलं," ती सांगत होती. आवाज चढलेला नव्हता. "घरी येयाचा बंद झालास. फोन केला तर वर्गात हाय, मेसेज कर. आनी लिवायचास काय, तर आज डोलीत काय आलं? होडी विकून झाली तरी, डोलीत काय आलं? भांगाच्या दिवशी पन, डोलीत काय आलं? मी म्हनलं, टोचतो. बापाची होडी गेली, टोचनारच. ऐकून घेतलं मी. रोज ऐकून घेतलं."

"मी नाय टोचलं, आये."

"ते आता कळलं."

त्याने यंत्राला एकदाच सांगून ठेवलं होतं, आई कोळीण, घरची डोलीची होडी. ते तेवढंच धरून बसलं होतं. होडी गेल्याचं कोणी सांगितलं नाही. भांगाचं कोणी सांगितलं नाही. मला मुरब्याचा वर्ग आठवला. काठीवरचं पापलेट. तुम्ही जे दाखवलंत तेच ती शिकली. हे त्याने किती गावांत सांगितलं असेल.

सुलूकाकी त्याच्यासमोर बसली. उकिडवी, बाजारात बसते तशी.

"आज तिथ काय?" तिने विचारलं.

त्याने नुसतं तिच्याकडे पाहिलं.

"इचारते मी. तिथ काय आज?"

"अष्टमी."

"डोलीत काय आलं असंल?"

"काय नाय. भांग हाय."

तिने त्याच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. मग बायांकडे वळून म्हणाली, "हा माझा."

ती उठली, कागदाची घडी केली, लुगड्याच्या ओच्यात खोचली. दाराशी जाऊन चपला घातल्या. तिथून, मागे न बघता, म्हणाली, "पन तो दुसरा बरा होता. रोज इचारायचा तरी."

बोईसरपर्यंत आम्ही रिक्षात शेजारी शेजारी बसून आलो. पत्त्यांची पिशवी माझ्या मांडीवर होती. कंपन्यांचा वास सुरू झाला तेव्हा मी विचारलं, "वाचलं का नाहीस?"

"गोड बोलत होतं ते," तो म्हणाला. "मला वाटलं, चाललंय नीट."

"आणि मला म्हणालास, तिने न विचारता विकली."

"मला तसंच वाटत होतं."

ते खरं असेल. तो तेव्हा खोटं बोलत नव्हता. पण पडद्यामागे त्याने माझ्या कानात जे सांगितलं, ते त्याला माहीत असून सांगितलं. माणूस ओळखायला शिकवायच्या खेळात, आईसमोर, त्याने मला त्याच्या जागी यंत्र उभं करायला सांगितलं. मी आठ महिने त्याच्यासोबत तेच पत्ते छापत होते. मला राग यायला हवा होता. राग आला नाही. फक्त रिक्षातून उतरल्यावर पिशवी मी त्याच्या हातात दिली, आणि पुन्हा घेतली नाही.

त्याने ते यंत्र बंद केलं, असं त्याने मला कळवलं. खेळ तो अजून घेतो. पडद्याचा घेत नाही, असं उत्कर्षा म्हणते. तो आता आईला रोज फोन करतो. ती उचलते आणि म्हणते, "बाजारात हाय. मेसेज कर."

गेल्या आठवड्यात मी बोईसरच्या बाजारात गेले होते. भांगाचे दिवस होते, ताजी मासळी कमी होती. सुलूकाकी सुके बोंबील घेऊन बसली होती. समोर कंपनीतला एक कामगार उभा होता.

"मौसी, पुराना तो नहीं है?"

"तू पुराना, मासा नवा," ती म्हणाली. तो हसत बोंबील निवडायला लागला. मग तिची नजर माझ्यावर पडली.

"पोरी, हिकडं ये."

मी गेले. तिने पाटीखालून फोन काढला, लुगड्याला पुसला आणि माझ्यासमोर धरला. सकाळी आलेला मेसेज होता.

"आये. भांग हाय. बाजारात नको बसू. पेज खा."

"तू शिकलेली हायस," ती म्हणाली. "त्याच्या संगतीला होतीस. बघून सांग. पयला का दुसरा?"

मी वाचलं. शब्द त्याचे होते. आखूड, तिरप्या अक्षरातले वाटावेत असे. मी हो म्हणणार होते. मग वाटलं, हे सगळं आता यंत्रालाही दाखवता येईल. आये म्हणायचं. आखूड लिहायचं. भांग कधी ते सांगायचं. एक पत्ता पुढे केला की झालं.

मी पुन्हा वाचलं. ती वाट बघत होती.

"माहीत नाही, काकी," मी म्हणाले.

तिने मान हलवली. फोन परत पाटीखाली ठेवला आणि त्या कामगाराला बोंबील मोजून द्यायला लागली.